शाळेला पाणी कुठून येतं?

कल्पनेतल्या जगात सैनिकी शाळा फार स्वस्तात मिळतात. भूमिका-खेळांची चार पुस्तकं उघडा, त्यांतल्या तिनांत ती सापडेल. डोंगरावर उंच मनोरा, खाली फरसबंद अंगण, पांढऱ्या दाढीचा तलवारबहाद्दर गुरू, वर्षाअखेर एक स्पर्धा आणि ती जिंकणारा नायक. तिथली पोरं खातात काय, त्यांचे जोडे कोण शिवतं, स्पर्धेत हरलेले पुढे कुठे जातात, यावर पुस्तक अवाक्षर काढत नाही. शाळेच्या झेंड्यावर मात्र अर्धं पान खर्ची पडलेलं असतं.

माझी नोकरी चाकण एमआयडीसीतल्या एका वाहन कारखान्याच्या प्रशिक्षण विभागात आहे. आयटीआय करून आलेली मुलंमुली लाइनवर जाण्याआधी आमच्या ‘डोजो’त येतात. टेबलं, पाने, खोटी इंजिनं, खोटे दरवाजे आणि भिंतीवर स्किल मॅट्रिक्स असा आमचा संसार. गुरुवारी आमची सुट्टी, म्हणून बुधवारी रात्री मोशीतल्या माझ्या घरी खेळ मांडला जातो. मी डीएम, म्हणजे डंजन मास्टर. जग माझं, हवामान माझं, शत्रूही माझाच. त्या जगात वावरणारी माणसं तेवढी खेळणाऱ्यांची. कोणी काही अवघड करायला निघालं की वीस बाजूंचा फासा टाकायचा आणि पडेल ते निमूट सोसायचं. टेबलावर एक टूलरूमवाला आहे, एक क्वालिटीतली मॅडम, एक पुरवठादार कंपनीत डिस्पॅच बघणारा आणि एक आमच्याच असेंब्ली लाइनवरचा ऑपरेटर. शिफ्ट जुळल्या तर सगळे येतात, नाहीतर जे येतील ते.

मुळात हा खेळ आला तोच सैन्याच्या शिकवणीतून. प्रशियाच्या तोफखान्यातला राइसविट्झ नावाचा एक लेफ्टनंट. त्याच्या वडिलांनी एक युद्धखेळ रचला होता. तो सुधारून त्याने १८२४ साली आपल्या सैन्यापुढे मांडला, तो अधिकाऱ्यांच्या सरावासाठी. खराखुरा नकाशा, लाल-निळ्या तुकड्या, नुकसान ठरवायला फासे आणि मध्ये एक पंच. दोन्ही बाजूंनी पंचाकडे लेखी हुकूम द्यायचे. समोरचा कुठे आहे, हे पंच सांगेल तेवढंच कळायचं. पुढे तिथल्याच व्हर्डी नावाच्या अधिकाऱ्याने नियमांचं ओझं उतरवलं आणि पंचाच्या अनुभवावर भर दिला. अमेरिकेत टॉटन या लष्करी अधिकाऱ्याने १८८० मध्ये अशाच खेळाचं एक पुस्तक लिहिलं होतं. ते कित्येक वर्षांनी डेव्हिड वेस्ली नावाच्या तरुणाच्या हाती लागलं. १९६९ मध्ये त्याने मिनेसोटात एक खेळ मांडला, त्यात काही जणांना फौजेऐवजी एकेक माणूसच दिला. कोणी गावाचा महापौर, कोणी सावकार. त्या कंपूतला डेव्ह आर्नेसन आणि विस्कॉन्सिनचा गॅरी गायगॅक्स यांनी १९७४ मध्ये ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ बाजारात आणला. तेव्हा डीएम म्हणून मी जिथे बसतो ती जागा त्या प्रशियन पंचाची आहे. इतका सैनिकी वंश असलेल्या खेळात सैनिकी शाळा तेवढी लुटुपुटूची असावी, हे मला काही केल्या पटेना.

आमच्या खेळातल्या शाळेला वळण लागलं ते सुभेदारसाहेबांमुळे. साहेब आमच्या कारखान्यात सिक्युरिटीचे सुपरवायझर आहेत. खडकीच्या बॉम्बे सॅपर्समधून, म्हणजे सैन्याच्या पूल-सुरुंगवाल्या पलटणीतून, निवृत्त झालेले, मूळचे सातारा भागातले. चाकणच्या कुठल्याही मोठ्या गेटवर असे एकदोन साहेब भेटतातच. चालण्यावरून आणि मिशीवरून ओळखू येतात. मुलाच्या डिप्लोमाच्या प्रवेशाचं विचारायला ते एका बुधवारी घरी आले, तेव्हा टेबलावर नकाशा पसरला होता आणि त्यावर थर्माकोलचे डोंगर.

“हे सँड मॉडेल काय सर?” त्यांनी विचारलं.

मी खेळ समजावून सांगितला. त्यांनी डोंगरावरच्या शाळेकडे बराच वेळ पाहिलं.

“शाळेला पाणी कुठून येतं?”

मी पायथ्याच्या नदीवर बोट ठेवलं.

“वर कोण आणतं? शेकडा पोरं म्हटली तर रोजचं किती लागेल, धरलंय का? आणि संडास कुठं काढलेत? नदीच्या वरच्या अंगाला का खालच्या?”

क्वालिटीच्या मॅडम हसल्या. साहेब हसले नाहीत. त्यांनी पेन्सिल मागून घेतली, शाळा डोंगरावरून उचलून नदीच्या वळणावर आणली, पाणवठा वर, जनावरं मध्ये, संडास खाली अशा खुणा केल्या आणि चहा न घेताच निघून गेले. पुढच्या बुधवारी मात्र स्वतःहून आले. तेव्हापासून ते खेळत नाहीत, बसतात. आमच्या शाळेत उस्ताद कसा बोलेल हे त्यांना विचारायचं, असा शिरस्ता पडला. पलटणीत शिकवणाऱ्याला उस्तादच म्हणतात आणि शिकणारा रंगरूट. पांढऱ्या दाढीच्या गुरूला आम्ही पेन्शनीत काढलं.

शाळा नदीवर आली तशी ती पुलाची शाळा झाली. तलवारी आहेत, पण कोपऱ्यात. इथली पोरं पूल टाकायला शिकतात, रस्ता काढायला शिकतात, सुरुंग लावायला आणि शोधायला शिकतात. पूल कसला, तर साहेबांनी हाताने शिकलेल्या बेली ब्रिजचा लाकडी भाऊ. बेली ब्रिज हा दुसऱ्या महायुद्धातला इंग्रज शोध. दहा फूट लांब, पाच फूट उंच अशा लोखंडी चौकटी, म्हणजे पॅनेल, एकमेकांना पिनांनी जोडत जायच्या. एका पॅनेलचं वजन सुमारे २६० किलो, आणि ते सहा माणसांनी उचलावं असाच त्याचा हिशेब बसवलेला आहे. क्रेन लागत नाही. या काठावर पूल जोडायचा आणि रोलरवरून समोरच्या काठाकडे ढकलत न्यायचा.

आमच्या टेबलावर हे पॅनेल उचलण्यात एक अख्खी रात्र गेली. राक्षस नव्हता, जादू नव्हती. साहेबांनी एकच अट घातली. सहा जण उचलतील, सातवा आवाज देईल, आणि आवाज देणाऱ्याने पॅनेलला हात लावायचा नाही. आमच्या डिस्पॅचवाल्याचा गडी सगळ्यांत ताकदवान. त्याला वाटलं आपण उचलावं. साहेब म्हणाले, उंचीप्रमाणे लावा, नाहीतर उंच पोराच्या खांद्यावर सगळा भार येईल. झालं, ताकदवान गडी नेमका सगळ्यांत उंच निघाला आणि त्याला आवाज द्यायला बाहेर काढावं लागलं. मग आवाजाचा ठेका चुकला, फासा चारवर पडला, एकाचं बोट चिरडलं. पॅनेल जागेवर गेलं तोवर साडेअकरा वाजले होते. आता पिन ठोकायची.

“पिन कोणाकडे?” साहेबांनी विचारलं.

कोणाकडेच नव्हती. पिना कोठारात, कोठाराची किल्ली कारखानिसाकडे, आणि कारखानीस बाजाराला गेलेला. सहा रंगरूट २६० किलो धरून उभे, आणि टेबलावरचे चौघं खरोखर घामाघूम. इतकं ताणलेलं मी त्या टेबलावर कधी कोणाला पाहिलं नव्हतं, ड्रॅगन आला तेव्हासुद्धा नाही.

कारखानीस हे नाव मी शिवकाळातून घेतलं. किल्ल्यावर हवालदार, सरनोबत, सबनीस आणि कारखानीस अशी कामांची वाटणी असे. शिबंदी एकाकडे, हजेरी-पत्रकं एकाकडे, धान्य-दारूगोळ्याचा सांभाळ एकाकडे. किल्ला एकाच माणसाच्या मुठीत राहू नये, ही त्यामागची सावधगिरी. खेळासाठी ही वाटणी म्हणजे लॉटरी आहे. गुरू आणि शिष्य एवढीच माणसं असली तर शाळेत भांडण तरी कशावरून होणार? कारखानीस आणि हवालदार यांच्यात मात्र रोज होतं. तेल किती खर्ची टाकलं, दोरखंड ओला परत आला, पिना मोजून का दिल्या नाहीत. आमच्या स्टोअरमध्ये सकाळी ग्लव्ह्ज वाटताना चालतं तेच.

डोजोतल्या कामाने मला या शाळेबद्दल जे सांगितलं ते पुस्तकांनी सांगितलं नसतं. आमच्याकडे पहिला धडा नटबोल्टचा. बोल्ट आधी हाताने दोन-तीन आटे फिरवायचा, मग गन लावायची. सरळ गन लावली की आटे वाकडे चढतात आणि पुढे सगळा जोड वाया जातो. मग टॉर्क पाना, ‘टक’ असा आवाज आला की थांबायचं, आणि झालेल्या बोल्टवर रंगाचा ठिपका द्यायचा. हे सांगायला दोन मिनिटं लागतात. करायलाही कोणालाही जमतं. पण रात्रपाळीच्या शेवटच्या तासाला, डोळे मिटत असताना, शेजारचा बडबडत असताना आणि गाडी पुढे सरकत असताना तोच बोल्ट तसाच बसला पाहिजे. आमचं सगळं प्रशिक्षण त्या शेवटच्या तासासाठी असतं. पडद्याच्या खोक्यात हात घालून, न बघता क्लिप बसवायचा सराव आम्ही घेतो, कारण गाडीखाली कितीतरी जागा दिसतच नाहीत. नवी मुलं पहिल्या दिवशी कंटाळतात. चौथ्या दिवशी बोटं बोलायला लागतात.

हे मी साहेबांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, आमच्याकडं रात्री दिवा न लावता पूल जोडायचो. एवढंच. मग मी खेळाचा नियम बदलला. पुलाच्या शाळेत शिकून निघालेल्या पात्राला फाशावर जादा गुण मिळत नाहीत. अंधार, पाऊस, भूक, जखम यांपायी इतरांचे जे गुण कापले जातात, ते याचे कापले जात नाहीत, इतकंच. टूलरूमवाला रुसला. त्याला अधिक पाच हवे होते. दोन-तीन मोहिमा झाल्यावर, पावसात चिखलात बाकी सगळे गारठलेले असताना आपलाच गडी नेहमीसारखा काम करतोय हे पाहिलं आणि रुसवा गेला.

खरी पुलाची शाळा आमच्या औद्योगिक पट्ट्याच्या तोंडाशीच आहे. दापोडीचं कॉलेज ऑफ मिलिटरी इंजिनिअरिंग, म्हणजे सीएमई. रुरकीहून ही संस्था १९४८ मध्ये इथे आली, तेव्हा पिंपरीत हिंदुस्तान अँटिबायोटिक्ससुद्धा नव्हती. म्हणजे उद्योगनगरीच्या आधी इथे सैनिकी शाळा आली. आज जुन्या मुंबई-पुणे रस्त्याने जाताना सीएमईची भिंत सरता सरत नाही, आणि मेट्रोतून भिंतीपलीकडची झाडी दिसते. आम्ही पट्ट्यातले लोक त्या भिंतीशेजारून आयुष्यभर ये-जा करतो. आत काय चालतं ते फार थोड्यांना माहीत. सैन्याचं नौकानयनाचं केंद्र आत आहे, तिथे चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचा दत्तू भोकनळ घडला, २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये त्याने एकट्याने वल्ही मारली आणि तेरावा आला. घरी विहिरी खोदणारा, दुष्काळी गावातला मुलगा २०१२ मध्ये सैन्यात भरती झाला आणि पाण्याचा खेळाडू म्हणून बाहेर पडला. माझ्या शाळेत आता प्रत्येक रंगरुटासाठी एक फासा असा टाकतो: तू ज्यासाठी आलास त्याहून वेगळं इथे तुझ्यात काय सापडलं? पुलाच्या शाळेतून एक उत्तम आचारी आणि एक बरा कीर्तनकार निघाला आहे.

भिंतीला दुसरी बाजूही असते. बोपखेल गाव सीएमईच्या पलीकडे, नदीच्या बेचक्यात आहे. गावकऱ्यांचा दापोडीकडे यायचा रस्ता कित्येक वर्षं सीएमईच्या आवारातूनच होता. २०१५ मध्ये तो सुरक्षेच्या कारणाने बंद झाला. आंदोलन झालं, लोकांना लांबचा वळसा पडला, आणि मुळेवर पूल बांधायचं काम पुढे वर्षानुवर्षं चाललं. मी इथे कोणाची बाजू घेत नाही. सैनिकी आवारातून गावाची रहदारी नको, हे साहेबांना पटतं. दूधवाल्याला, शाळेच्या पोराला ते पटायचं कारण नाही. पण आमच्या पट्ट्यातल्या कोणालाही विचारा, पूल बांधायला शिकवणाऱ्या शाळेशेजारच्या गावाला पुलासाठी थांबावं लागलं, यातली गंमत त्याला समजावून सांगावी लागत नाही. खेळात मी असं गाव शाळेच्या मागे ठेवलं. रंगरुटांचं पहिलं मोठं काम तेच निघालं. शाळेने गावाची वाट बंद केली, गावकरी फाटकावर बसले, आणि हवालदाराला वरून हुकूम आहे की फाटक उघडायचं नाही. चार जणांनी चार मार्ग सुचवले. अजून भांडण मिटलेलं नाही. मिटवायची मला घाईही नाही.

इमारतीला पैसे कोणी दिले, हा प्रश्न मी खडकवासल्याकडून शिकलो. तिथल्या एनडीएची, म्हणजे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीची, मुख्य इमारत सुदान ब्लॉक. पूर्व आफ्रिकेच्या मोहिमेत हिंदी सैनिकांनी जे केलं त्याच्या आठवणीसाठी सुदानच्या सरकारने १९४१ मध्ये एक लाख पौंड दिले होते. फाळणीत त्यातला वाटा पाकिस्तानकडे गेला, उरलेले सत्तर हजार इकडे आले. प्रबोधिनीची पायाभरणी ६ ऑक्टोबर १९४९ ला नेहरूंच्या हस्ते झाली, आणि प्रबोधिनीचं उद्घाटन १९५५ च्या जानेवारीत. म्हणजे भारताच्या सगळ्यांत नावाजलेल्या सैनिकी शाळेच्या दगडांत आफ्रिकेतल्या एका देशाचं ऋण आहे. शाळा रचणाऱ्याने आपल्या जगातही हे विचारायला हवं. राजाने बांधली? व्यापाऱ्यांनी? हरलेल्या शत्रूच्या खंडणीतून? ज्याचा पैसा, त्याचा भाचा शाळेत नापास करता येतो का? शेवटच्या प्रश्नावर आमच्या टेबलावर तीन बुधवार गेले असते, मी आवरतं घेतलं.

नापासांचा विषय मात्र आवरता आला नाही, कारण तो आमच्या ऑपरेटरने लावून धरला. हा मुलगा खेड तालुक्यातला. बारावीपासून सैन्यभरतीच्या मागे. आमच्या पट्ट्यात पहाटे पाचला स्पाइन रोडला किंवा इंद्रायणीकाठच्या रस्त्यावर जा, असे जथे दिसतील. सोळाशे मीटर साडेपाच मिनिटांत, बीमवर दहा, नऊ फुटांचा खड्डा, नागमोडी बॅलन्स. पळून आल्यावर आंघोळ, मग फर्स्ट शिफ्ट. गावोगावी ‘करिअर अकादमी’ निघाल्या आहेत, पत्र्याचं शेड, एक निवृत्त फौजी आणि भिंतीवर निवड झालेल्यांचे फोटो. या मुलाने मैदान काढलं, मेडिकल काढलं, आणि लेखी परीक्षेची वाट पाहत बसला. कोविडने ती लांबली. जून २०२२ मध्ये अग्निपथ योजना आली आणि जुनी भरती अर्ध्यावर होती तिथेच रद्द झाली. नव्या योजनेत त्या एका वर्षापुरती वयाची मर्यादा २३ केली होती. याचं २३ उलटून काही महिने झाले होते.

तो आमच्या टेबलावर आला तेव्हा म्हणाला, मी शिपाई खेळणार नाही. आचारी खेळेन, हमाल खेळेन, पण शाळेत शिकणारा नाही. मी आग्रह केला नाही. एका रात्री शाळेतून तीन रंगरूट परत पाठवायचे होते. मी एका वाक्यात सांगून पुढे निघालो होतो. त्याने थांबवलं. ते तिघं आत्ता काय करतायत, असं विचारलं. गावात आल्यावर त्यांना पहिला भेटणारा माणूस काय म्हणतो? त्यांचे बूट शाळेने ठेवून घेतले का दिले? घरच्यांनी कर्ज काढलेलं त्याचं काय? साहेब ऐकत होते. ते म्हणाले, आमच्या सेंटरला एक पोरगा वापस जायच्या आदल्या रात्री सगळ्यांचे बूट पॉलिश करून ठेवून गेला.

एनडीएत मागे पडलेल्या कॅडेटला सहा महिन्यांच्या टर्मने खाली सरकवतात, पुन्हा तीच टर्म. तो निदान आवारात राहतो. आमच्या डोजोत ज्याची बोटं चालत नाहीत त्याला मटेरियल हँडलिंगला किंवा स्टोअरला पाठवतो. तोही कारखान्यातच राहतो. पण भरतीच्या रांगेतून जो बाहेर फेकला जातो त्याच्यासाठी रांगेबाहेर काहीच नसतं. आणि अशांची संख्या आत गेलेल्यांपेक्षा कितीतरी जास्त असते, हे मैदानावर एकदा उभं राहिलेला कोणीही सांगेल. कुठलाही कल्पित देश रचताना मी आता हा हिशेब आधी मांडतो. शाळा शंभर घेते तेव्हा तिच्या फाटकावर किती आले होते, आणि ते सगळे आता कुठे आहेत? देशातले डाकू, सराईत पहारेकरी, मठातले जोगी, बंडाचे पुढारी, अर्धे तिथून मिळतात. ऑपरेटरने परत आलेल्या तिघांपैकी एक पात्र उचललं. आज तो आमच्या मोहिमेतला सगळ्यांत जुना गडी आहे, आणि पुलाच्या शाळेत कारखानीस म्हणून परत गेला आहे. पिनांची किल्ली त्याच्याकडे असते. कोणी पिन मोजून घेतली नाही तर तो कोणाची गय करत नाही.

मधल्या काळात ‘यात हिरो कोण’ असा वाद झाला होता. डिस्पॅचवाल्याला तलवार हवी होती. साहेबांनी त्याला राम राघोबा राणे यांची गोष्ट सांगितली. कारवारकडचे, बॉम्बे सॅपर्सचे सेकंड लेफ्टनंट. एप्रिल १९४८, नौशेऱ्याहून राजौरीकडे जाणारा रस्ता. शत्रूने सुरुंग पेरलेले, पाईनची झाडं आडवी टाकलेली. राणे पहिल्याच दिवशी जखमी झाले, तरी गोळीबारात सुरुंग काढत, झाडं हटवत, रणगाड्यांना वाट करून देत पुढे सरकत राहिले. परमवीरचक्र मिळालं, आणि ते हयातीत स्वीकारणाऱ्या पहिल्या काहींपैकी ते एक. साहेब हे सांगताना आवाज चढवत नाहीत, उलट रस्ता किती रुंद होता, रणगाडा वळायला किती जागा लागते यातच रमतात. डिस्पॅचवाला रोज तळेगाव चौकातल्या कोंडीत ट्रक अडकवून बसतो. वाट मोकळी करणारा माणूस म्हणजे काय, ते त्याला पटकन उमजलं.

गेल्या पावसाळ्यात आम्ही वेढा खेळलो, आणि त्यासाठी लांब जावं लागलं नाही. चाकणचा संग्रामदुर्ग गावातच आहे, भुईकोट. १६६० च्या पावसाळ्यात शाइस्ताखानाची प्रचंड फौज बाहेर आणि फिरंगोजी नरसाळ्यांची काही शे माणसं आत. जूनपासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत, जवळजवळ दोन महिने किल्ला हटला नाही. शेवटी मोगलांनी भुयार खणून सुरुंग लावला, बुरूज उडाला, आणि मग किल्ला गेला. शाळेत फिरंगोजींचं शौर्य शिकवतात, ते योग्यच. पण माझ्या खेळाडूंना मी विचारलं, ते भुयार कोणी खणलं? पावसात, चिखलात, बंदुकांच्या माऱ्याखाली, दिव्याच्या उजेडात ते खणणारे कोण होते, आणि कोणी शिकवलं त्यांना? साहेब खूश झाले. सॅपर सॅपरला ओळखतो, तो कोणत्याही बाजूचा असो.

खेळात आमचे रंगरूट आत होते. जुन्या वेढ्यांत वापरलेली एक युक्ती मी दिली: तटाच्या आतून जमिनीवर पराती मांडायच्या, पाणी भरायचं, आणि पाणी थरथरलं की समजायचं, खाली कुदळ चाललीय. पाऊस पडत असला की परातीवर छप्पर धरावं लागतं, नाहीतर थेंबांचेच तरंग. क्वालिटीच्या मॅडमनी लगेच तक्ता केला. किती पराती, किती अंतरावर, दर घटकेला कोणाची नोंद, दोन नोंदी जुळल्याशिवाय खणायचं नाही. इतका काटेकोर तक्ता आमच्या ऑडिटलाही लावत नाहीत. त्यांनी भुयार शोधलं, उलटं भुयार खणलं, आणि फासा एकवर पडला. बुरूज इतिहासातल्यासारखाच गेला. पण पोरं आदल्या रात्री त्या बुरुजावरून हलवलेली होती, कारण मॅडमचा तक्ता सांगत होता.

मॅडमनी मागाहून हट्टाने आणखी एक गोष्ट करून घेतली. पुलाच्या शाळेत मुली का नाहीत? एनडीएतही २०२२ पर्यंत नव्हत्या, आणि पहिल्या तुकडीतल्या १७ जणी मे २०२५ मध्ये बाहेर पडल्या, हे त्यांनी तारखेसकट ऐकवलं. साहेब जरा घुटमळले, मग म्हणाले, पॅनेल उचलताना उंचीप्रमाणे लावा, बास. शाळेत मुली आल्या.

मराठीत असे खेळ रचणारे हळूहळू वाढतायत. त्यांना माझं एक मागणं आहे. गोऱ्या सायबाच्या पुस्तकातला मनोरा उचलून सह्याद्रीवर ठेवू नका. आपल्याकडे कारखानीस आहे, सबनीस आहे, रंगरूट आणि उस्ताद आहेत, भुईकोट आहेत, पहाटे पळणारी पोरं आहेत, आणि बहुतेक प्रत्येक कारखान्याच्या गेटवर एखादे सुभेदारसाहेब बसलेले आहेत. त्यांना चहाला बोलवा आणि तुमचा नकाशा दाखवा. चाकण-मोशीच्या बाजूला राहात असाल तर आमच्याकडेच या. बुधवारी रात्री नऊला बसतो, फासे आमचे, पेन्सिल तुमची.